कोलकात्यातली जपानी आंघोळ

पुण्याहून हावड्याची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि घरी कुटलेल्या उटण्याची पुडी होती. मनात मात्र एकच वाक्य घोळत होतं. माझी भाची मुग्धा हिने कोलकात्याहून मोबाइलवर आवाज पाठवला होता, "मावशी, मी जपानला जाणार! तिथे मी लोकांना आंघोळ करणार!"

"लोकांना आंघोळ करणार" म्हणजे काय, डोंबल? मी लगेच शैलाला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, फोन लावला. ती खो खो हसली. "अगं, आंघोळ घालणार म्हणायचंय तिला. तिचं मराठी तुला माहीतच आहे." मुग्धा कोलकात्याच्या बेहाला भागात वाढली. सव्वीस वर्षांची झाली तरी अजून "पाणी खा" म्हणते, कारण बंगाली लोक पाणीसुद्धा खातात. ऐकणारे सगळे हसले. मी नाही हसले.

मी कराडची. सगळी नोकरी वीज कंपनीत, मीटर तपासणीच्या खात्यात. त्या नोकरीने मला पेन्शन दिली आणि एक नियम दिला. दारात पाऊल टाकल्या टाकल्या जो चहा विचारतो, त्याच्या मीटरमध्ये हमखास गडबड. हा नियम कधी चुकला नव्हता. लोक मला संशयी म्हणतात, म्हणोत बापडे. शैला भोळी आहे, तिचा नवरा बँकेच्या कामाने सिलिगुडीत अडकलेला. पोरीला परदेशी धाडायचं तर कुणीतरी आधी नीट बघायला नको? म्हणून थंडीचे दिवस असूनही मी निघाले.

हावड्याला उतरले तर फलाटावर माणसांनी माकडटोप्या घातलेल्या. आमच्याकडे याला गुलाबी थंडी म्हणतात, इथे जणू हिमालय कोसळला होता! मुग्धा न्यायला आली होती. पोरगी खुशीत होती, गालावर गाल घासून म्हणाली, "मावशी, तू किती रोगी झालीस!" मी दचकलेच. मग कळलं, बंगालीत बारीक माणसाला "रोगा" म्हणतात. म्हणजे ही माझी स्तुती होती.

पिवळ्या टॅक्सीने पूल ओलांडला. मैदान, फोर्ट विल्यमच्या बाजूची झाडी, मग खिदिरपूरची गर्दी आणि बंदराकडे वळणारे लांबलचक ट्रक. ड्रायव्हर दोनदा रस्ता चुकल्यासारखं करत होता. मी त्याला हिंदीत सांगितलं, "भैया, मीटरकी मैं मास्टर हूँ." तो सरळ चालला. बेहाल्यात डोक्यावरून मेट्रो, खाली रिक्षा, बस, फुलकोबीच्या राशी, आणि त्या सगळ्याच्या मध्ये शैलाचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शैलाने नोलेन गुड (खजुराचा नवा गूळ) घातलेला संदेश पुढे केला. तो तोंडात विरघळला तेव्हा मी क्षणभर सगळं विसरले.

पण क्षणभरच. शैला म्हणाली, "संध्याकाळी पालबाबू येणार आहेत. तेच पाठवताहेत मुग्धाला."

"पाल?"

"अगं, बंगाल्यांत आडनाव असतं."

आम्ही दोघी बहिणी खुदकन हसलो. शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, इथे ती घरी यायची होती.

पालबाबू आले, आणि सांगते काय, माझ्या मनातली पाल गप्पच बसली. माणूस पन्नाशीचा, शाल अंगावर, केस चप्प. आल्याआल्या माझ्या पाया पडला. शैलाने चहा विचारला, तर हात जोडून नाही म्हणाला. "आज उपवास, दीदी." पाणीसुद्धा घेतलं नाही. हिंदीत हळू, मऊ बोलत होता. मुग्धा ज्या जपानी पद्धतीच्या स्नानगृहात काम करते तिथूनच त्याने तिला निवडलं होतं. "हाथ में जादू है आपकी बेटी के. जापान में औरत की बहुत इज़्ज़त है."

"कंपनी कोणती?" मी विचारलं.

शैलाच मध्ये पडली. "सोपलँड. साबणाची मोठी कंपनी आहे, त्यांचंच स्नानगृह आहे. हो ना, पालबाबू?"

पालबाबूंनी नुसतं स्मित केलं. "शुक्रवार को आऊँगा. पासपोर्ट तैयार रखिए, टिकट निकालनी है."

तो गेल्यावर शैला म्हणाली, "बघ, किती सज्जन!" आणि मी, मीटर तपासणारी मी, मान डोलावली. चहाला हात न लावणाऱ्या माणसावर माझ्या नियमाची नजरच पडत नाही. माझा सगळा संशय त्या स्नानगृहावर जाऊन बसला होता. जिथे बायका पुरुषांना आंघोळ घालतात, ती जागा आधी डोळ्यांनी बघायची, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मुग्धाबरोबर गेले. दक्षिण कोलकात्यात एका तळ्याजवळ गल्ली आहे. कोपऱ्यावर कचोरी तळणारा, पुढे इस्त्रीवाला, आणि मग एकदम काळ्या लाकडाचं दार, त्यावर निळा पडदा. जपानी अक्षरं. दार ढकललं तोच आतून आवाज, "आशुन, आशुन माशिमा! चा खाबेन? (या, या मावशी! चहा घेणार?)"

झालं! मी मनात म्हटलं, सापडलं मीटर.

चहा विचारणारी होती तानियादी, तिथली मॅनेजर. (नाव मी बदललं आहे, का ते पुढे कळेलच.) चाळिशीची, सडसडीत, केस घट्ट बांधलेले. हातात पांढरे सुती मोजे. थंडीतसुद्धा घरात कोण मोजे घालून बसतं? तिने मला नखशिखान्त पाहिलं, मी तिला. मुग्धाने सांगितलं, मावशीला आंघोळ करायची आहे. या वेळी वाक्य बरोबर होतं.

कपडे बदलायच्या खोलीत एक सैल झगा दिला. मी आपला साडीचा हिशेब लावून उजवी बाजू वर घेऊन गुंडाळला. तानियादीने पाहिलं आणि झटकन पुढे येऊन तो सोडवला. "ऐसे नहीं माशिमा. ये मुर्दे को पहनाते हैं. डावी बाजू वर." शेवटचं वाक्य मोडक्यातोडक्या मराठीत. मुग्धाने शिकवलं असावं.

"तुम्ही जपानला होतात वाटतं?" मी हिंदीत विचारलं.

तिचा चेहरा एकदम बंद झाला, खिडकी लावून घ्यावी तसा. "बहुत पहले," म्हणाली आणि निघून गेली. मी ते टिपून ठेवलं.

आत वाफच वाफ. एका बुटक्या स्टुलावर बसवून रूपा नावाच्या मुलीने माझी पाठ घासायला घेतली. बारुईपूरहून रोज लोकलने येते म्हणाली. लाकडी वाडग्याने पाणी घ्यायचं, खरखरीत कापडाने घासायचं, साबण पूर्ण उतरल्यावरच त्या मोठ्या लाकडी टाकीत बसायचं. "लागछे? (दुखतंय?)" असं ती मधून मधून विचारायची. मला कुणी शेवटची आंघोळ घातली होती ती बाळंतपणात, आमच्या गल्लीतल्या सखूबाईंनी. इतक्या वर्षांनी पाठीवर दुसऱ्याचा हात फिरला आणि काय झालं कोण जाणे, मी वाडगाभर पाणी तोंडावर ओतून घेतलं. बरं झालं, वाफ होती.

पण नजर कशी झोपेल? रूपाच्या पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून फाटलेली होती. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं, रबरी चपला घातल्या तर घसरतात, म्हणून अनवाणी. कंबर वाकून वाकून आखडते, म्हणाली. सकाळी बायका, दुपारनंतर पुरुष गिऱ्हाईकं, आणि पलीकडच्या बाजूला वेळ आधी ठरवून येणाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या. "पुरुष कसे असतात?" मी विचारलं. ती हसली. "कुछ अच्छे, कुछ समझते हैं कि पानी के साथ हम भी किराए पर हैं."

तेवढ्यात फळीपलीकडून एका मुलीचा आवाज आला, अगदी शांत, "दीदी, जोल ठांडा होये गेछे. (पाणी गार झालंय.)"

रूपाचे हात थांबले. बाहेर तानियादीच्या पावलांचा आवाज भराभर गेला. मी फळीच्या वर पाहिलं, तर पलीकडून पांढरी वाफ लोटत होती. मेलं पाणी गार कसलं, उकळतं होतं! मग हा निरोप कशाचा? मला घाम फुटला, आणि तो वाफेचा नव्हता. ही खूण आहे, मी ओळखलं. गिऱ्हाईक तयार आहे, ये. दुसरं काय?

टाकीत मी जेमतेम बसले. बाहेर येऊन साडी नेसेपर्यंत निकाल लागला होता माझा. त्या घरात मुग्धाला एक दिवसही ठेवायची नाही. उलट तो बिचारा पालबाबू तिला इथून सोडवतो आहे, असंसुद्धा वाटून गेलं. कचोरीवाल्याकडे द्रोणातली बटाट्याची भाजी फुंकत फुंकत मी मुग्धाला थेट विचारलं, "जोल ठांडा म्हणजे काय गं? खरं सांग."

मुग्धाला ठसका लागला. "मावशी, तू ऐकली ते? अगं, कुणी गिऱ्हाईक बदमाशी करतो, हात पकडतो, तर आम्ही तेच बोलतो. मग तानियादी येतो आणि बालदीभर गार पाणी त्याच्या डोक्यावर. आणि इतकं नम्र बोलतो, 'सर, ये जापानी सिस्टम है!' तो बिचारा थँक्यू पण बोलतो!"

मुग्धाच्या मराठीत तानियादी "येतो", कारण बंगालीत बाई येवो की बुवा, क्रियापद एकच. मी हसू लागले ते थांबेचना. माझा नियम पहिल्यांदा तोंडावर आपटला होता. चहा आधी विचारणाऱ्या घरात मीटर चक्क बरोबर होतं.

मग ते मोजे? आणि तो बंद झालेला चेहरा? संशय काही एका कचोरीने मरत नाही.

त्यानंतरचा दिवस खिदिरपूरचा. शैलाच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला उकडीचे मोदक करायला पावसकर काका येतात. मूळचे दाभोळकडचे, जहाजावर भंडारी (खलाशांचा स्वयंपाकी) होते, बंदरातच संसार थाटला, बायको बंगाली. त्यांनी जेवायला बोलावलं होतं. गोदीच्या भिंतीलगतच्या गल्लीत दोन खोल्या, दारात तुळस, आत सरसोच्या (मोहरीच्या) तेलाचा झणझणीत वास. पावसकर काकांनी हिल्सा नाही, तर मोरीचं कोकणी कालवण केलं होतं, आणि त्यांच्या बायकोने भाजीची चच्चडी. दोघांचं ताटात भांडण चाललं होतं, खाणाऱ्याची चंगळ.

शैलाने मोठ्या कौतुकाने बातमी सांगितली. "काका, आमची मुग्धा जपानला चालली. तुम्ही गेला होतात ना तिकडे? सोपलँड नावाची कंपनी आहे."

काकांचा घास हातातच राहिला. "काय नाव म्हणालात?"

"सोपलँड. आंघोळ घालायचं काम. मसाजसारखं."

काकांनी घास गिळला, पाणी प्याले, आणि जेवण संपेपर्यंत मान वर केली नाही. शैला भांडी घेऊन त्यांच्या बायकोबरोबर आत गेली तशी मी खुर्ची पुढे ओढली. "काका, तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. मी कराडहून उगाच नाही आले."

"ताई, ही गोष्ट बाईमाणसाशी बोलायची न्हवं."

"बाईमाणूसच तिकडे चाललंय, काका. मग कुणाशी बोलणार?"

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता, खिडकीतून गोदीच्या क्रेनकडे बघत बोलले. "जपानात आंघोळीची मोठी हौस. गल्लीगल्लीत न्हाणीघरं, गरम झरे. बाया वेगळ्या, बापे वेगळे. पण ताई, तिथे कुणी कुणाला आंघोळ घालत नाही. जो तो आपलं आपण घासतो, स्वच्छ होतो, मग टाकीत उतरतो. जिथे बाई येऊन तुम्हाला आंघोळ घालते, ती जागा एकाच प्रकारची. तिला सोपलँड म्हणतात."

मी आतल्या दाराकडे पाहिलं, शैला अजून आतच होती.

"तरुणपणी गेलो होतो एकदा, जहाजावरच्या पोरांबरोबर," काका म्हणाले. "पुष्कळ ठिकाणी परक्यांना दारातूनच परत धाडतात. एकाने घेतलं. खिडकीत पैसे घेतात ते फक्त आंघोळीचे. आत बाई गुडघे टेकून नमस्कार करते, कपडे घडी घालून ठेवते. फेस करते, घासते, हसते. मला वाटलं, राजा झालो. आणि मग तिचे हात दिसले. साबणात राहून राहून कातडी सोललेली, चिरा पडलेल्या, बोटांना पट्ट्या. ती हसतच होती. घड्याळ वाजलं, तिने पुन्हा नमस्कार केला. बाहेर आलो आणि त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. बायकोला ठाऊक नाही हां, ताई."

"नाही सांगत," मी म्हटलं.

हात. सोललेले हात. मला पांढरे मोजे आठवले.

परतताना शैला टॅक्सीत बडबडत होती, जपानला थंडी किती असेल, स्वेटर कुठून घ्यावेत. मी तिला अजून काही सांगितलं नाही. मुग्धाला नुसतं "जाऊ नकोस" म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं, आणि का ऐकावं? तिला वाटलं असतं, कराडची संशयी मावशी नेहमीप्रमाणे फाटे फोडते आहे. कुणातरी म्हाताऱ्या खलाशाच्या गोष्टीवर ती विश्वास ठेवणार नव्हती. पण तानियादीवर तिची देवासारखी श्रद्धा. आता तानियादीलाच बोलती करायची, मग भले धाक घालावा लागो, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच मेट्रो आणि रिक्षा करत तिथे पोचले. गिऱ्हाईकं यायची होती, मुली फरशी पुसत होत्या. तानियादीने विचारलं, "चा खाबेन?" मी म्हटलं, "खाबो." आम्ही दोघी रिकाम्या टाकीजवळच्या बाकावर मातीच्या भांड्यात (कुल्हडात) चहा घेऊन बसलो. चहासाठी तिने एक मोजा काढला. मी बघितलं. तिने बघितलं की मी बघितलं.

"पालबाबू मुलीला कुठे पाठवतोय, तुम्हाला माहीत आहे," मी हिंदीत म्हटलं. "आणि तुम्ही गप्प बसलात. तुम्हाला त्यातलं काही मिळतं का?"

तिने भांडं बाकावर ठेवून दिलं. इतका राग मी बाईच्या डोळ्यात क्वचित पाहिलाय. "मिलता है?" ती म्हणाली. "मुझे वही आदमी ले गया था, माशिमा."

मग ती बोलली, हळू, मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून. मीही ते तसंच हळू सांगते. मसाजचं काम म्हणून नेलं. पोचल्यावर पासपोर्ट त्यांच्याकडे. तिथलं दुकान म्हणतं, आम्ही फक्त पाणी आणि खोली देतो, आत काय होतं ते त्या दोघांचं आपापसातलं, आम्हाला काय ठाऊक? बाई तिथे नोकर नसते. म्हणजे पगार नाही, रजा नाही, आजारपण तिचं तिने बघायचं. साबण, टॉवेल, तेल, सगळं तिने आणायचं. गिऱ्हाईक आलं नाही तर दिवसभर एका खोलीत बसून राहायचं. "कुछ लड़कियाँ सब जानकर आती हैं, अपनी मर्ज़ी से. उनका हिसाब उनका है. मुझे तो किसी ने पूछा ही नहीं था," ती म्हणाली. "हँसना भी ड्यूटी में था. अब कोई मुझे छूता है तो अच्छा नहीं लगता. यहाँ मैं सबको नहलवाती हूँ, खुद कभी नहीं बैठी."

मी तिला धाक घालायला आले होते!

"मग मुलींना सांगत का नाही?"

"बोलूँगी तो पूछेंगे, दीदी, आपको कैसे मालूम?" तिने मोजा पुन्हा चढवला. "मेरी माँ है, भाई की शादी है. ये लड़कियाँ मुझे दीदी बोलती हैं. उसके बाद क्या बोलेंगी?"

आतून फरशी घासल्याचा आवाज येत होता. मी मुग्धाला वाचवायचं तर हिला उघडी पाडायची, आणि हिला झाकायचं तर मुग्धाला जाऊ द्यायचं, असा तो पेच. आयुष्यात एवढ्या घरांचे मीटर उघडले, पण असलं कधी सापडलं नव्हतं.

मी उठले तेव्हा तानियादीने माझा पदर धरला. "माशिमा. मुग्धा को बोलिए, उस आदमी से एक ही बात पूछे. मैंने नहीं पूछी थी." आणि तिने तो प्रश्न सांगितला. ऐकला आणि मी जागच्या जागी थिजले. हा तर माझ्या भाचीच्या चुकीच्या मराठीतला प्रश्न होता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी मुग्धाला उटण्याची पुडी दिली आणि सहज म्हटलं, "तुझं मराठी सुधारायचंय मला. आंघोळ करणं वेगळं, आंघोळ घालणं वेगळं. हिंदीत नहाना आणि नहलाना. तुझं काम यातलं कुठलं?"

"नहलाना. ऑफ कोर्स."

"पालबाबूंना नक्की माहीत आहे ना? उद्या विचारून घे. बाकी काही मी बोलणार नाही, जायचं की नाही ते तू ठरव."

"नहाना, नहलाना," असं ती दोनदा पुटपुटली. पोरीचं मराठी कच्चं आहे, डोकं नाही.

शुक्रवारी पालबाबू आले. पुन्हा शाल, पुन्हा पाया पडणं, पुन्हा पाण्याला नकार. उपास कसले आठवडाभर चालतात, हे मला आत्ता सुचलं! नावातच पाल असलेला माणूस आणि माझ्या मनातली पाल चार दिवस झोपलेली. पासपोर्ट टेबलावर होता. त्याने हात पुढे केला तेव्हा मुग्धाने त्यावर आपला तळवा ठेवला.

"अंकल, एक बात पूछनी थी. वहाँ गेस्ट को नहलाना है, या गेस्ट के साथ नहाना है?"

पालबाबूने माझ्याकडे पाहिलं, मग शैलाकडे, मग हसला. "अरे, दोनों एक ही बात है. पानी तो दोनों पर गिरता है."

शैलाचा चेहरा पांढराफटक पडला. भोळी आहे, पण आई आहे.

"एक बात नहीं है, अंकल," मुग्धा म्हणाली.

त्याचा मऊपणा तिथेच संपला. "नाटक मत करो. अपनी तानियादी से पूछ लो, उसको सब मालूम है वहाँ का."

जे झाकायचं म्हणून एवढी धडपड, ते त्याने एका वाक्यात टेबलावर आणून टाकलं. मी तोंड उघडणार तोच मुग्धा उभी राहिली. पासपोर्ट तिने छातीशी धरला होता.

"दीदी से क्यों पूछूँ? जाना मुझे था. और मुझे नहीं जाना."

मी दार उघडून धरलं. "पालबाबू, आता तरी पाणी घेणार का?" मी शुद्ध मराठीत विचारलं. त्याला काय कळायचं ते कळलं. जिन्यावरून त्याच्या चपला फटफट करत गेल्या. शैलाने दार लावलं, कडी घातली, आणि मुग्धाला कवटाळून रडायला लागली. "साबणाची कंपनी म्हणत होते गं मी! मंडळात सगळ्यांना सांगत सुटले!" मुग्धा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण बघत होती माझ्याकडे. तानियादीबद्दल तिने एक शब्दही विचारला नाही, मीही सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने स्नानगृहातल्या प्रत्येक मुलीला तो एक प्रश्न पाठ करून दिला. तो पाल पुन्हा दिसला तर काय विचारायचं, ते आता तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

परतीच्या गाडीत खडगपूर गेल्यावर मी खिडकीशी बसून झालमुडी (तिखट चुरमुरे) खात होते आणि स्वतःवर चिडत होते. संशय घ्यायला मी आयुष्यभर शिकले, पण तो नेहमी दाराशी येऊन चहा विचारणाऱ्यावरच घेत राहिले. ज्याने आपल्या घरचं पाणीही घेतलं नाही, त्याला मी सज्जन म्हटलं. आता नियम बदलला आहे. कुणी कितीही गोड बोलो, कामाचं क्रियापद विचारून घ्यायचं. करायचं काय आणि करवून घ्यायचं काय, एवढं साधं.

कराडला पोचून काही दिवस झाले आणि मुग्धाचा आवाज मोबाइलवर आला. मागे पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"मावशी, आज आमची सुट्टी होती. दुकान बंद होता. मी तानियादीला बसवलं स्टुलावर. ती नको नको बोलत होती, मग रडली, मग बसली. मोजे काढले. तू दिलेलं उटणं लावलं हातांना, हळू हळू. मग मी तिला आंघोळ घातली. घातली, मावशी. आता बरोबर बोलले ना मी?"

'दुकान' अजून पुल्लिंगीच होतं. पण ते मी सुधारलं नाही.

"बरोबर बोललीस," मी म्हटलं.